गोंगाटातून हाक ऐकताना : हौशी रेडिओसाठी तारेच्या लूपची जोडी

हौशी रेडिओकडे वळणाऱ्या नवख्या माणसाचे सारे लक्ष बहुधा प्रक्षेपकाकडे असते. शंभर वॅटचा सेट हाती आला, उंचावर तार चढवली, की जग आपल्या आवाक्यात आले असे त्याला वाटते. मात्र १६०, ८० आणि ४० मीटर या ‘लो बँड’वर काही रात्री काढल्या की खरी अडचण निराळीच असल्याचे ध्यानात येते. आपली हाक युरोपात किंवा जपानमध्ये पोचलेली असते, तिकडून कोणी उत्तरही दिलेले असते. पण ते उत्तर आपल्यालाच ऐकू येत नाही. दूरच्या विजांची खरखर, शेजारच्या इन्व्हर्टरची घरघर आणि एलईडी दिव्यांच्या स्वस्त सर्किटांतून पाझरणारा गोंगाट यांच्याखाली ते गाडले गेलेले असते. हौशी मंडळींत अशा केंद्राला गमतीने ‘मगर’ म्हणतात : तोंड मोठे, कान लहान.

हा कान मोठा करण्याचा, किंबहुना अधिक नेमका करण्याचा, एक उपाय कमी खर्चाचा आहे आणि मध्यम आकाराच्या बागायतीत मावणारा आहे. तो म्हणजे तारेचे दोन लूप एका रेषेत उभे करून त्यांचे सिग्नल ठरावीक विलंबाने एकत्र आणणे. या जोडीमुळे हवा असलेला सिग्नल वाढत नाही; नको असलेला गोंगाट मात्र एका दिशेपुरता जवळजवळ पुसला जातो. हे कसे घडते आणि अशी जोडी उभारताना काय सांभाळावे लागते, ते क्रमाने पाहू.

लो बँडचा स्वभाव

रेडिओ तरंगाची लांबी काढण्याचे सूत्र सोपे आहे. ३०० या आकड्याला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की मीटरमधील तरंगलांबी मिळते. १.८३ मेगाहर्ट्झचा तरंग सुमारे १६४ मीटर लांब असतो, ३.६ मेगाहर्ट्झचा ८३ मीटर आणि ७.१ मेगाहर्ट्झचा ४२ मीटर. यातले पहिले दोन बँड प्रामुख्याने रात्रीचे. दिवसा सूर्यप्रकाशामुळे आयनांबराचा सर्वांत खालचा ‘डी’ थर तयार होतो आणि तो या लांब तरंगांना शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरतो, तरंग वरच्या थरांपर्यंत पोचतात आणि तेथून वळून हजारो किलोमीटर दूर उतरतात. म्हणून लो बँडवरचे दूरचे संपर्क तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंतच्या वेळात होतात.

पण जी वाट दूरच्या हाकेला खुली होते तीच दूरच्या विजांनाही खुली होते. विषुववृत्ताच्या पट्ट्यात, विशेषतः आग्नेय आशियाच्या बेटांवर आणि मध्य आफ्रिकेत, वर्षभर गडगडाटी वादळे होत असतात. प्रत्येक वीज हा एक प्रचंड रेडिओ प्रक्षेपक असतो आणि त्याची ताकद कमी वारंवारतेवर अधिक असते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीवर वळवाचे ढग जमू लागले की १६० मीटरचा बँड अक्षरशः तडतडू लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्या मानाने शांत, आणि दूरच्या संपर्काचा खरा हंगामही तोच.

प्रक्षेपणाचा अँटेना वेगळा, ऐकण्याचा वेगळा

प्रक्षेपणासाठी अँटेना कार्यक्षम असावा लागतो. दिलेल्या शंभर वॅटपैकी जास्तीत जास्त वॅट हवेत गेले पाहिजेत. त्यासाठी आकार तरंगलांबीच्या प्रमाणात लागतो. १६० मीटर बँडचा साधा अर्धतरंगी डायपोल सुमारे ८० मीटर लांब असतो, आणि त्याने क्षितिजालगत नीट प्रक्षेपण करावे असे वाटत असेल तर तो तितक्याच उंचीवर टांगावा लागतो. हे सामान्य घरमालकाच्या आवाक्यातले काम नव्हे.

ऐकण्याचे गणित मात्र उलटे आहे. सुमारे १० मेगाहर्ट्झच्या खाली हवेतून येणारा गोंगाट रिसीव्हरच्या स्वतःच्या अंतर्गत गोंगाटापेक्षा कितीतरी मोठा असतो. अँटेना लहान आणि अकार्यक्षम असला तर सिग्नल कमी होतो हे खरे. पण त्याच प्रमाणात बाहेरचा गोंगाटही कमी होतो, त्यामुळे दोहोंचे गुणोत्तर बदलत नाही. घटलेली पातळी ॲम्प्लिफायरने भरून काढता येते. गुणोत्तर सुधारायचे असेल तर उपाय एकच : अँटेनाने एका दिशेने ऐकावे आणि बाकीच्या दिशांना बहिरे व्हावे. म्हणजे येथे कार्यक्षमतेपेक्षा दिशाभान मोलाचे ठरते.

हे सत्य शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झाले होते. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकन हौशी पॉल गॉडली स्कॉटलंडमधील आर्ड्रोसन येथे किनाऱ्यालगत तंबू ठोकून बसले आणि अटलांटिकपलीकडच्या हौशींचे सिग्नल त्यांनी टिपले. त्यांच्यापाशी प्रचंड मनोरा नव्हता. होती ती हॅरोल्ड बेव्हरेज यांनी शोधलेली, जमिनीपासून थोड्या उंचीवरून शेकडो मीटर सरळ धावणारी तार. ‘बेव्हरेज अँटेना’ आजही लो बँडवर ऐकण्यासाठी उत्कृष्ट मानला जातो. अडचण जागेची. एका दिशेसाठी दोनशे-तीनशे मीटर सरळ मोकळी जमीन गोव्यात किती जणांकडे असेल?

ही अडचण जगभरच्या हौशींची होती. १९९५ मध्ये फ्लॉइड कूंट्झ यांनी ‘यू’ (EWE) नावाचा आटोपशीर दिशादर्शी अँटेना ‘क्यूएसटी’ या अमेरिकी मासिकात मांडला. १९९७ मध्ये त्याच मासिकात गॅरी ब्रीड यांनी जमिनीशी जोडलेला लूप प्रसिद्ध केला. त्यांच्या कॉल साइनवरून तो ‘के-नाइन-ए-वाय’ लूप म्हणून ओळखला जातो. २००० मध्ये अर्ल कनिंगहॅम यांच्या लेखातून ‘फ्लॅग’ आणि ‘पेनंट’ हे जमिनीशी न जोडलेले लूप हौशींपुढे आले. फ्लॅग म्हणजे ध्वजासारखा आयताकृती लूप, पेनंट म्हणजे पताकेसारखा त्रिकोणी. पुढची पायरी म्हणजे अशा दोन लूपची जोडी.

एका लूपमध्ये दडलेली जोडी

आपण फ्लॅग लूप उदाहरणादाखल घेऊ. त्याची प्रचलित मापे सुमारे ८.८ मीटर रुंदी आणि ४.३ मीटर उंची अशी आहेत. एकूण तार २६ मीटरच्या आसपास लागते. आयताच्या एका उभ्या बाजूच्या मध्यावर केबल जोडतात. समोरच्या उभ्या बाजूच्या मध्यावर सुमारे ९०० ते १,००० ओहमचा रोधक बसवतात. या रोधकातच सारी किमया आहे.

रोधक नसलेला छोटा लूप आपल्या प्रतलाच्या दोन्ही टोकांकडून सारखेच ऐकतो आणि प्रतलाला काटकोनातल्या दोन दिशांना बहिरा असतो. त्याच्या आलेखाचा आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा येतो. रोधक बसवला की चित्र बदलते. आडव्या दोन तारा ही जणू केबलची एक जोडी बनते आणि दोन उभ्या तारा हे दोन छोटे अँटेना बनतात. केबलच्या बाजूची उभी तार सिग्नल थेट देते. रोधकाच्या बाजूच्या तारेचा सिग्नल आडव्या तारांवरून प्रवास करून, म्हणजे थोड्या विलंबाने आणि उलट दिशेने, तेथे पोचतो.

आता तरंग रोधकाच्या बाजूने आला असे समजा. तो आधी रोधकाकडच्या तारेला भेटतो. तेथला सिग्नल आडव्या तारांवरून निघतो आणि हवेतला तरंगही तेवढ्याच वेगाने शेजारून धावत असतो. दोघे केबलपाशी एकाच क्षणी पोचतात. पण एकमेकांच्या विरुद्ध असल्यामुळे परस्परांना खोडून टाकतात. तरंग केबलच्या बाजूने आला तर असे होत नाही. पहिल्या तारेचा सिग्नल आधीच पोचलेला असतो, दुसऱ्या तारेचा जाऊन-येऊन दुप्पट उशिरा येतो आणि दोघांत फरक शिल्लक राहतो. तोच फरक आपल्याला ऐकू येतो. म्हणून फ्लॅग लूप केबलच्या बाजूने ऐकतो आणि रोधकाच्या बाजूला बहिरा असतो. बेव्हरेजची सवय असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण तेथे नेमके उलटे असते : तो रोधकाच्या टोकाकडून ऐकतो.

दोन लूप आणि ४० नॅनोसेकंद

एका लूपच्या दोन उभ्या तारांत जे घडते तेच आता दोन लूपमध्ये घडवून आणायचे आहे. दोन तरंगांच्या चढउतारांतील आगेमागेपणाला पाठ्यपुस्तकांत कलांतर म्हणतात. हौशी मंडळी ‘फेज’ हाच शब्द वापरतात. दोन अँटेनांच्या सिग्नलांची फेज मुद्दाम ठरवून ते एकत्र आणणे म्हणजे ‘फेजिंग’.

एकाच रेषेत, एकाच दिशेला तोंड करून दोन फ्लॅग उभे केले आहेत आणि त्यांच्या केंद्रांमधले अंतर १२ मीटर आहे असे धरू. प्रकाशाच्या वेगाने १२ मीटर कापायला रेडिओ तरंगाला ४० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या चाळीस पट. मागून येणारा गोंगाट आधी मागच्या लूपला लागतो आणि ४० नॅनोसेकंदांनी पुढच्या लूपला. मागच्या लूपचा सिग्नल आपण जास्तीच्या केबलमधून फिरवून नेमका ४० नॅनोसेकंद रोखून धरला आणि मग उलटा केला, तर दोन्ही लूपकडून आलेला हा गोंगाट एकत्र येताच शून्यवत होतो. समोरून येणारी हाक मात्र आधी पुढच्या लूपला लागते. मागच्या लूपला ती ४० नॅनोसेकंद उशिरा लागते आणि केबलमध्ये आणखी ४० नॅनोसेकंद रेंगाळते. एकूण ८० नॅनोसेकंदांचे अंतर पडल्यामुळे ती खोडली जात नाही.

या रचनेचा मोठा गुण असा की, ती वेळेवर चालते, वारंवारतेवर नव्हे. ४० नॅनोसेकंद हे १६० मीटर बँडवरही ४०च असतात आणि ४० मीटर बँडवरही. त्यामुळे एकाच जोडीने तिन्ही बँड ऐकता येतात. फरक पडतो तो समोरून मिळणाऱ्या सिग्नलच्या पातळीत. १२ मीटर अंतर म्हणजे १.८३ मेगाहर्ट्झवर सुमारे २६ अंश, ३.६ वर ५२ अंश आणि ७.१ वर १०२ अंश. या अंशांच्या साइनची दुप्पट केली की एका लूपच्या तुलनेत जोडीचा सिग्नल मिळतो : अनुक्रमे सुमारे ०.९, १.६ आणि १.९५ पट. म्हणजे १६० मीटरवर दोन लूप मिळूनही एका लूपपेक्षा किंचित कमीच सिग्नल देतात! नवख्याला येथे धक्का बसतो. पण सिग्नल दहा टक्क्यांनी घटताना मागचा आणि बाजूचा गोंगाट त्याहून कितीतरी अधिक घटलेला असतो, आणि सौदा तेथेच फायद्याचा ठरतो. ढोबळमानाने, एका फ्लॅगऐवजी अशी जोडी वापरली तर सिग्नल आणि सर्व दिशांच्या गोंगाटाचे गुणोत्तर तीनेक डेसिबलने सुधारते. तीन डेसिबल म्हणजे समोरच्या केंद्राने आपली पॉवर दुप्पट केल्यासारखे.

अंतर वाढवले तर १६० मीटरवर सिग्नल वाढतो, पण ४० मीटरवर आलेख बिघडू लागतो. २० मीटर अंतरावर ७.१ मेगाहर्ट्झला तब्बल १७० अंश पडतात आणि समोरची हाकही खोडली जाऊ लागते. फक्त १६० आणि ८० मीटर हवे असतील तर २० मीटर अंतर उत्तम. तिन्ही बँड हवे असतील तर १२ मीटर ही मधली वाट.

बांधणी : काय लागते, काय सांभाळावे

दोन केंद्रांमधले १२ मीटर आणि लूपची स्वतःची रुंदी मिळून सुमारे २१ मीटर सरळ जागा लागते. खालची तार जमिनीपासून निदान दोन मीटर वर ठेवावी, म्हणजे माणसे-गुरे अडखळणार नाहीत. वरची तार मग सहा-साडेसहा मीटरवर येते. आधारासाठी बांबू किंवा फायबरग्लासच्या काठ्या घ्याव्यात. धातूचा खांब नको. माडांचा आधार घेता येतो, पण माड वाऱ्यावर डोलतात. म्हणून तार थेट खोडाला न बांधता मध्ये मीटरभर नायलॉनची दोरी ठेवावी, आणि दोरीचे एक टोक कप्पीवरून सोडून त्याला वजन टांगावे. वर चढण्याचे काम पाडेल्यावर सोपवावे. आणि एक नियम कोणत्याही सबबीवर मोडू नये : जवळून विजेची ओव्हरहेड तार जात असेल, तर आपली तार तुटून वा उडून तिच्यावर पडू शकेल अशा जागी अँटेना मुळीच उभारू नये.

रोधक साधा कार्बन किंवा मेटल फिल्मचा घ्यावा. तार गुंडाळून केलेला रोधक चालत नाही, कारण तो स्वतःच एक कॉइल असतो. दोन्ही लूपचे रोधक मल्टिमीटरने मोजून सारखे निवडावेत आणि पाऊस लागणार नाही अशा डबीत बंद करावेत.

लूपचा संरोध ९०० ओहमच्या घरात, तर केबल टीव्हीसाठी मिळणाऱ्या केबलचा ७५ ओहम. दोहोंचा मेळ घालण्यासाठी ट्रान्सफॉर्मर लागतो. दोन भोकांच्या, ७३ क्रमांकाच्या फेराइट गाभ्यावर केबलच्या बाजूला २ वेढे आणि लूपच्या बाजूला ७ वेढे घेतले की संरोधाचे गुणोत्तर सुमारे १२ होते आणि ७५ चे ९०० होतात. दोन्ही बाजूंचे वेढे एकमेकांपासून अलग असावेत. मागच्या लूपचा सिग्नल उलटा करण्यासाठी वेगळे काही लागत नाही; त्याच्या ट्रान्सफॉर्मरची लूपकडील दोन टोके अदलाबदल करून जोडली की काम झाले. म्हणूनच दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकाच दिशेने, एकसारखे गुंडाळणे आणि टोकांवर रंगाच्या खुणा करणे आवश्यक. खुणा विसरल्या तर अँटेना समोरचे खोडून मागचे ऐकत नाही; तो कोणतीच दिशा नीट निवडत नाही, आणि दोष शोधण्यात दिवस जातो.

विलंबाच्या केबलची लांबी १२ मीटर नसते, हे येथले कळीचे कलम. केबलमध्ये तरंग हवेपेक्षा सावकाश धावतो. भरीव पॉलिथीनच्या केबलमध्ये वेग प्रकाशाच्या ०.६६ पट असतो. तेथे ४० नॅनोसेकंदांसाठी सुमारे ७.९ मीटर पुरतात. फेसाळ पॉलिथीनच्या टीव्ही केबलमध्ये तो ०.८ च्या वर असतो, वेग ०.८३ पट धरला तर सुमारे १० मीटर लागतात. उत्पादकाने दिलेला आकडा पाहावा, शक्य झाल्यास नॅनोव्हीएनएसारख्या छोट्या उपकरणावर प्रत्यक्ष मोजावा. दोन्ही लूपपासून एकत्रीकरणाच्या डबीपर्यंत आधी समान लांबीच्या केबली घ्याव्यात आणि मग मागच्या लूपच्या केबलमध्ये हा जास्तीचा तुकडा घालावा.

डबीत दोन्ही सिग्नल एकमेकांना न छेडता एकत्र यावेत म्हणून फेराइटवर गुंडाळलेला कॉम्बायनर लागतो. बाजारातला टीव्ही स्प्लिटर उलटा लावून भागेल असे वाटते. पण त्यांपैकी बहुतेक ५ मेगाहर्ट्झपासून पुढे काम करण्यासाठी बनवलेले असतात, १.८ वर त्यांचा भरवसा नाही. कॉम्बायनरनंतर १५ ते २० डेसिबलचा, कमी गोंगाटाचा ॲम्प्लिफायर जोडावा; कारण या लूपचा सिग्नल प्रक्षेपणाच्या अँटेनापेक्षा खूपच क्षीण असतो.

आणखी एक चोर दरवाजा बंद करावा लागतो. केबलचे बाहेरचे जाळीदार आवरण स्वतःच अँटेनासारखे वागते आणि घरातला गोंगाट उचलून लूपपर्यंत नेते. मग लूपने कितीही नेमके ऐकले तरी केबल मागच्या दाराने गोंगाट आत घेते. त्यासाठी प्रत्येक लूपपाशी आणि घरात शिरण्यापूर्वी केबलचे काही वेढे फेराइटच्या कड्यावर घ्यावेत. अनेक जण ही पायरी गाळतात आणि मग लूपला नावे ठेवतात.

समानता हीच कसोटी

खोडण्याची किमया दोन सिग्नलांच्या सारखेपणावर उभी आहे. मागचा गोंगाट २० डेसिबलने, म्हणजे शक्तीच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत, खाली आणायचा तर दोन्ही सिग्नलांच्या विद्युतदाबात फार तर दहा टक्के किंवा फेजमध्ये फार तर सहा अंश तफावत चालते. १.८३ मेगाहर्ट्झवर सहा अंश म्हणजे हवेत पावणेतीन मीटर. म्हणून तेथे केबल वीतभर कमी-जास्त झाली तरी बिघडत नाही. ७.१ मेगाहर्ट्झवर मात्र तेवढेच अंश केबलच्या अर्ध्या मीटरमध्ये संपतात. ३० डेसिबलची अपेक्षा ठेवली तर दोन्ही मुभा तिपटीने आक्रसतात.

पारख दिवसा करावी. रात्री आकाशातून येणारे सिग्नल सतत चढउतार करतात आणि त्यांची दिशाही डळमळते, त्यामुळे काही ठरवता येत नाही. परवानाधारक मित्राने अँटेनाच्या मागच्या बाजूला शक्य तितक्या दूरवरून अल्प शक्तीचा सिग्नल सोडावा. आधी प्रत्येक लूप एकेकटा जोडून दोहोंची पातळी सारखी आहे का ते पाहावे, मग दोन्ही जोडून मीटर किती खाली येतो ते पाहावे. दोन्ही लूपची पातळी वेगळी निघाली, तर आधी ट्रान्सफॉर्मर आणि सांधे तपासावेत, केबल कापायला घेऊ नये.

प्रक्षेपणाचा अँटेना लूपपासून शक्य तितका दूर असावा. जवळ उभी असलेली मोठी तार चहूकडचा गोंगाट घेऊन पुन्हा फेकते आणि लूपची निवड बिघडवते. शिवाय प्रक्षेपण चालू असताना लूपचा मार्ग रिलेने तोडला नाही, तर ॲम्प्लिफायर आणि रिसीव्हर जळू शकतात.

आपल्या मातीत

फ्लॅगचा विचार गोव्यासाठी करण्यामागे एक ठोस कारण आहे. ‘के-नाइन-ए-वाय’ लूपला जमिनीत रोवलेला अर्थिंगचा गज लागतो आणि त्याचे वागणे जमिनीच्या वाहकतेवर अवलंबून असते. आपल्या सड्यांवरचा जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो आणि आषाढात चिंब भिजतो. मग जानेवारीत जुळवलेला रोधक जुलैत जुळत नाही. फ्लॅग जमिनीपासून अलग असल्याने हा प्रश्न बराच कमी होतो. उलट खाजन जमिनीच्या कडेला राहणाऱ्याला खारट ओलाव्यामुळे जमिनीची साथ चांगली मिळते. त्याने जमिनीशी जोडलेला लूपही करून पाहायला हरकत नाही.

दिशेचे गणितही सोयीचे पडते. गोव्याहून युरोप वायव्येला आहे. लूपची तोंडे वायव्येला केली की बहिरी बाजू आपोआप आग्नेयेला येते, म्हणजे इंडोनेशिया आणि परिसरातल्या विषुववृत्तीय वादळांकडे. एका दगडात दोन पक्षी मारण्याची ही संधी निसर्गानेच दिली आहे. जपानसाठी ईशान्येकडे तोंड केलेली दुसरी जोडी लागेल.

मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. ज्या दिशेची हाक ऐकायची त्याच दिशेला वादळ असेल तर ही जोडी काही करू शकत नाही. भिंतीपलीकडच्या इन्व्हर्टरचा गोंगाट इतक्या जवळून येतो की दोन लूपना तो सारख्या ताकदीने लागत नाही, आणि तो पुरता खोडला जात नाही. तेथे लूप घरापासून दूर नेणे किंवा शेजाऱ्याशी सलोख्याने बोलणे हाच मार्ग. आणि मान्सूनच्या ऐन गडगडाटात केबली काढून ठेवणे हेच शहाणपण. तारेवर वीज पडली तर कोणताही ॲम्प्लिफायर वाचत नाही.

शिवाय प्रत्येक गरजेला जोडी लागतेच असे नाही. पणजीहून बेळगाव किंवा कोल्हापूरशी रात्री ८० मीटरवर बोलताना सिग्नल जवळजवळ डोक्यावरून उतरतो. तेथे एकच साधा, रोधक नसलेला, फिरवता येणारा उभा लूप पुष्कळ काम करतो : वरून येणारा सिग्नल तो घेतो आणि जमिनीलगत एका बाजूने येणारा गोंगाट फिरवून टाळता येतो.

ऐकणाऱ्याची जबाबदारी

प्रक्षेपणासाठी परीक्षा देऊन केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाकडून परवाना घ्यावा लागतो, आणि या छंदामागची सार्वजनिक भूमिका त्या परवान्याशी जोडलेली आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीने अंदमान-निकोबारला झोडपले, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्ये हौशी केंद्र चालवत होते. छंदासाठी नेलेले ते केंद्र काही क्षणांत आपत्कालीन केंद्र बनले आणि बेटांवरचे निरोप मुख्य भूमीकडे जाऊ लागले. अशा वेळी निरोप पाठवणाऱ्याकडे बहुधा मोटारीची बॅटरी आणि घाईने टांगलेली तार एवढेच असते. त्याची पॉवर वाढवणे कोणाच्या हाती नसते. वाढवता येते ती फक्त ऐकणाऱ्याची क्षमता.

शहरांतला विद्युत गोंगाट वर्षागणिक वाढतो आहे. मोबाइल चार्जर, सौर पॅनेलांचे इन्व्हर्टर, दिव्यांचे ड्रायव्हर या सगळ्यांतून पाझरणारी खरखर लो बँडचा तळ वर उचलत आहे. ज्या हाका वीस वर्षांपूर्वी साध्या तारेवर ऐकू येत, त्या आज बुडून जातात. बावन्न-त्रेपन्न मीटर तार, दोन रोधक, फेराइटचे काही तुकडे आणि ४० नॅनोसेकंदांची केबल एवढ्या सामग्रीत त्यातल्या काही हाका परत मिळवता येतात. डिसेंबरची थंड, कोरडी रात्र हा प्रयोग करून पाहण्यास सर्वांत चांगला काळ. तोवर ट्रान्सफॉर्मर गुंडाळून, मोजून, खुणा करून ठेवायला आजच सुरुवात करावी.